कुकरपाशी थांबणारा धडा

सुरक्षा-झडपेचा विषय निघाला, की बहुतेक पुस्तके डेनिस पापिनच्या १६७९ सालच्या 'डायजेस्टर'पासून सुरू होतात आणि प्रेशर कुकरच्या शिट्टीपाशी थांबतात. उदाहरण घरचे आहे, हिशेबही सोपा. ३ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर ८० ग्रॅमचे वजन ठेवले, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १.१ बारने वाढताच ते उचलले जाते. आमची तक्रार या हिशेबाबद्दल नाही. त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या वाक्याबद्दल आहे : 'त्यामुळे भांडे फुटत नाही.' आम्हीही हे वाक्य वर्गात बरीच वर्षे बिनदिक्कत सांगत आलो.

झडप ठरल्या दाबाला उघडते, हे अर्धेच उत्तर झाले. उघडल्यावर आत तयार होणारी सगळी वाफ त्या छिद्रातून निघून गेली पाहिजे. कुकरमधल्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२०० जूल उष्णता लागते. २ किलोवॉटच्या शेगडीची सगळी उष्णता पाण्याला मिळाली (प्रत्यक्षात बरीच वाया जाते) तरी सेकंदाला १ ग्रॅमही वाफ होणार नाही. तेवढी वाफ ३ मिलिमीटरच्या छिद्रातून सहज जाते. म्हणजे कुकर सुरक्षित राहतो तो शेगडी लहान असते म्हणूनही! पुस्तकांत शेगडीचा उल्लेखच नसतो.

कारखान्यात भांडी एकेकटी नसतात, नळ्यांनी जोडलेली असतात. दोन भांड्यांच्या मध्ये बंद होऊ शकेल असे काहीच नसेल, तर दोघांत मिळून एक सुरक्षा-झडप चालू शकते. पण तिचा दाब कमजोर भांड्याला सोसेल असा लावावा लागतो. शिवाय झडप वर आणि दुसरे भांडे १० मीटर खाली, मधली नळी पाण्याने भरलेली असेल, तर खाली जवळजवळ १ बार दाब जास्त पडतो. 'जोडलेल्या भांड्यांत दाब सगळीकडे सारखा' असे घाईघाईने सांगणारे पुस्तक इथे विद्यार्थ्याला फसवते.

मध्ये नियंत्रक झडप असली, की प्रश्न आणखी अवघड होतो. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एका भांड्यात वायू सुमारे १५५ बार दाबाखाली होता. तळाशी साचणारा द्रव नियंत्रक झडपेतून पुढच्या भांड्यात जाई. ते जेमतेम ९ बार दाबाचे. एवढा मोठा दाब अडवून धरला होता तो तळाशी साचलेल्या द्रवाने, मोरीच्या वाकड्या नळीतले पाणी दुर्गंधी अडवते तसा. २२ मार्च १९८७ रोजी नियंत्रक झडप उघडी राहिली, द्रव संपला आणि त्याच्यामागून वायू घुसला. पातळी फार खाली गेल्यास झडप आपोआप बंद करणारी यंत्रणा पूर्वीच काढून टाकलेली होती. कमी दाबाच्या भांड्याला सुरक्षा-झडप होती. परंतु तिचा आकार ठरवताना बाहेरून आग लागल्यास आत किती वाफ होईल, एवढेच धरले होते. शेजारून येणारा वायू त्या हिशेबात नव्हता. भांडे फुटले, एक कामगार मरण पावला. या झडपेची शेगडी शेजारच्या भांड्यात होती.

आठवी-नववीच्या मुलांना तेलशुद्धीकरण शिकवा, असे आम्ही म्हणत नाही. फळ्यावर कुकर काढून झाला, की त्याच्या शेजारी आणखी एक भांडे काढावे, त्यात दाब शंभरपट लिहावा, दोघांना नळी जोडावी आणि विचारावे : शिट्टी तर वाजेल, पण आता ३ मिलिमीटरचे छिद्र पुरेल का? (प्रयोग अर्थातच फळ्यावरच.)