पडदा पडल्यानंतरचे घर

लेखकाची पत्रे ही चरित्रकाराची सामग्री, समीक्षेचा तिच्याशी संबंध नाही, असे प्रस्थापित समीक्षक सांगत आले. लॉरेन हॅन्सबेरी (१९३०–१९६५) या कृष्णवर्णीय नाटककर्तीची पत्रे हा समज खोडून काढतात. तिची कागदपत्रे न्यूयॉर्कच्या हार्लेममधील शॉम्बर्ग केंद्रात जतन केलेली आहेत.

तिचे 'अ रेझिन इन द सन' १९५९ साली ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीचे तेथे आलेले ते पहिले नाटक. शिकागोतील कोंदट खोल्यांतले एक कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. 'येऊ नका, पैसे देतो' असे सांगायला गोऱ्यांचा प्रतिनिधी येतो. कुटुंब पैसे नाकारते, सामान हलवते आणि पडदा पडतो. अनेकांनी याला सुखान्त म्हटले.

पण त्या घरात पुढे काय होते? उत्तर एप्रिल १९६४ मधील पत्रात आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ला लिहिलेले हे पत्र त्या दैनिकाने छापले नाही; १९६९ साली ते ग्रंथरूपाने पुढे आले. तिच्या वडिलांनीही असेच घर घेतले होते. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४० साली ते जिंकले. पण दाराशी जमाव ओरडत होता, शाळेच्या वाटेवर लेकरावर लोक थुंकत होते. वडील वॉशिंग्टनला कज्जा लढत असताना आई भरलेले पिस्तूल घेऊन रात्ररात्र चार मुलांची राखण करीत होती. खटला जिंकलेला हा बाप १९४६ साली मेक्सिकोत कडवट मनाने मेला.

हे वाचल्यावर नाटकाचा सुखान्त टिकत नाही. नगरपालिकेच्या ठरावाने चवदार तळे खुले झाले होते, तरी १९२७ साली पाणी प्यालेल्यांवर काठ्या पडल्या, हे जाणणाऱ्या वाचकाला त्याचे कारण सांगावे लागणार नाही.

संग्रहालाही मौन असते. स्त्रियांच्या परस्पर प्रेमाविषयी 'द लॅडर' या नियतकालिकाला १९५७ साली तिने लिहिलेल्या पत्रांखाली फक्त आद्याक्षरे आहेत. तिच्या कागदपत्रांतील या विषयाचा भाग मृत्यूनंतर अनेक वर्षे अभ्यासकांना बंद होता. म्हणून कागद कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्नही समीक्षेचाच आहे.

हॅन्सबेरी ज्यांच्याकडे शिकली त्या डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने डु बॉइस यांचे कागद जपले, म्हणून ते आज वाचता येते. आपल्या जलसाकारांची, शाहिरांची पत्रे कोणत्या ट्रंकेत कसर खात आहे? विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ती ट्रंक आधी उघडावी. त्या पत्रांवाचून आपल्या नाटकांचे अर्थ दुसरेच ठरवीत राहतील.