दार्ष्टांतिकाची जागा

महानुभाव पंथातल्या केशोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त मला गोष्टींइतकीच त्यांची मांडणी आवडते. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा उलगडा. पहिली दोन पंथाच्या चक्रधरस्वामींची, तिसरं केशोबासांचं. स्वामींचं बोलणं कुठे थांबलं आणि केशोबासांचं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याला विचारावं लागत नाही.

जन्मांध हत्ती चाचपतात तो दृष्टांत घ्या. पायाला हात लागलेला म्हणतो, हत्ती खांबासारखा. कानाला लागलेला म्हणतो, सुपासारखा. दार्ष्टांतिकात केशोबास खांबाला नि सुपाला दुसरे शब्द शोधत बसत नाहीत. इथे हत्ती कोण आणि आंधळे कोण, ते सांगतात. अर्थ स्वतःला उमगल्याशिवाय तिथे एक ओळही लिहिता येणार नाही.

हे मला अमरावतीत एक प्रबंध तपासताना आठवलं. मूळ लेखातलं वाक्य होतं : कापसाचा भाव पडला की घरातली पहिली काटछाट मुलीच्या शिक्षणात होते. प्रबंधात : कपाशीचे दर घसरले की कुटुंबात सर्वप्रथम कन्येच्या शिक्षणाला कात्री लागते. लेखिकेचं नाव कुठेच नाही. “सर, शब्द तं सारे बदलले म्या,” विद्यार्थिनी म्हणाली. खरंच बदलले होते. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत दंड नाही, आणि ती त्याच्या आत होती. पण वाक्याचा सांगाडा लेखिकेचा, विचारही तिचाच.

तिला मी रिद्धपूरची गोष्ट सांगितली. मोर्शी तालुक्यातल्या या गावी शके 1200च्या सुमारास म्हाइंभटांनी पंथाच्या नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ‘लीळाचरित्र’ हे चक्रधरस्वामींचं चरित्र सिद्ध केलं. स्वामींना पाहिलेल्या माणसांना गाठून त्यांनी आठवणी जमवल्या. पुढे एका स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. मग स्मरणातून पाठ पुन्हा उभे राहिले, आणि पंथातल्या हिराइसेच्या स्मरणातला पाठ आजही हिराइसेच्याच नावानं ओळखला जातो. एकाच लीळेच्या, म्हणजे प्रसंगाच्या, वेगळ्या आठवणीला महानुभावांकडे ‘वासना’ म्हणतात. किती नेमका शब्द! दोघांना वेगळं आठवलं तर एकाला खोटं पाडून गोष्ट गुळगुळीत केली नाही. दोन्ही आठवणी राखल्या. सातशे वर्षांनंतरही त्या पानांवर मला माणसं बोलताना ऐकू येतात, ती यामुळेच.

आठवड्यानं ती पान नव्यानं लिहून घेऊन आली. लेखिकेचं नाव, वर्ष, पानाचा आकडा, सगळं जागेवर. खाली लिहिलं होतं : ‘मुलींची शाळा सुटण्याचा संबंध लेखिका कापसाच्या भावाशी जोडतात. अकोट तालुक्यातल्या ज्या घरांत मी गेले, तिथे मात्र भाव चांगला होता त्या वर्षीही शाळा सुटली, कारण गावातून पुढच्या शाळेपर्यंत जायला गाडी नव्हती.’