उकिरड्याचा पत्ता

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात पर्यावरण हा विषय ठेवला तर निम्मी पोरं आलीच नाहीत. आली त्यातला एक उठून म्हणाला, "हा वाघ-झाडवाल्यांचा विषय आहे. सकाळी बूट घालून फिरायला जाणाऱ्यांचा. आपल्याकडं काय विषय कमी पडले?" मी गप्प बसलो. दोन महिन्यांपूर्वी मीही हेच बोललो असतो. मधल्या काळात रॉबर्ट बुलार्ड या काळ्या समाजशास्त्रज्ञाचं 'डम्पिंग इन डिक्सी' हे १९९० सालचं पुस्तक हाती पडलं. सूतगिरणीत पाळी करून घरी आल्यावर डिक्शनरी घेऊन दिवसाला चार पानं, अशा चालीनं वाचलं. माझं शिक्षण दहावी नापास, तेव्हा काही जागी अर्थ चुकला असेल. पण जे कळलं ते पचवायला जड गेलं. त्यावर हे लिहितोय.

डिक्सी म्हणजे अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं, जिथं गुलामगिरी मुरली होती. तिथं शहरांची आणि कारखान्यांची घाण कुणाच्या दारात गेली, त्याचा हा हिशेब. पुस्तकाचं मूळ टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात आहे. नॉर्थवूड मॅनर ही काळ्यांची वस्ती. लोक भिकारी नव्हते, स्वतःची घरं बांधून राहणारे होते. शेजारी खोदकाम सुरू झालं तेव्हा लोकांना वाटलं दुकानांची इमारत उठतेय. निघाला कचऱ्याचा डेपो. शाळा जवळच. वस्ती १९७९ साली कोर्टात गेली. वकील होत्या लिंडा मॅकीव्हर बुलार्ड, म्हणजे लेखकाची बायको. तिनं नवऱ्याला कामाला लावलं: ह्यूस्टनचा कचरा आजवर कुठंकुठं टाकला ते शोध. तो आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडला. जुने कागद धुंडाळले, नकाशावर खुणा केल्या. निघालं ते असं: शहराच्या मालकीचे पाच डेपो, पाचही काळ्या वस्त्यांत. कचरा जाळायच्या आठ भट्ट्या, त्यातल्या सहा काळ्या वस्त्यांत. खाजगी डेपो चार, तीन काळ्या वस्त्यांत. आणि शहरात काळे किती? चारातला एक.

हे आकडे वाचून मी पुस्तक मिटलं. कारण मला आमच्या शहराचा असा एकही आकडा माहीत नव्हता. आमच्या वस्तीच्या मागं कचरा डेपो आहे. मी त्याच्या धुरात वाढलो. पण तो कुठल्या साली आला, कुणाच्या ठरावानं आला, त्याआधी कचरा कुठं जायचा? विचारलं तर सांगता येणार नाही.

ह्यूस्टनची केस लोक हरले. शाळेजवळ डेपो आणणं शहाणपणाचं नाही हे न्यायाधीशांना पटलं होतं, पण काळे म्हणून मुद्दाम तिथं आणला, हा हेतू सिद्ध झाला नाही. इथं मी थांबलो. मार बसलाय हे सगळ्यांना दिसतं, पण मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते मार खाल्लेल्यानं कोर्टात मांडायचं! याला काय न्याय म्हणावा? मला महाड आठवलं. १९२४ साली नगरपालिकेनं ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी हाती घेतलं. मग सवर्णांनी १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून तळं 'शुद्ध' केलं आणि कोर्टात गेले. तो खटला दहा वर्षं चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला, कारण अनादिकाळापासून अस्पृश्यांना बंदी होती ही वहिवाट सवर्णांना सिद्ध करता आली नाही. म्हणजे महाडला अडवणाऱ्यानं पुरावा द्यायचा होता, ह्यूस्टनला अडवल्या गेलेल्यानं. एका जागी आपण जिंकलो, दुसऱ्या जागी ते हरले. आपल्यात जे वकिली शिकताहेत त्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. आणि जे म्हणतात पर्यावरण आपला विषय नाही, त्यांनी सांगावं की चवदार तळं कुठल्या विषयात मोडतं.

पण नॉर्थवूडची माणसं केस हरून घरी बसली नाहीत. त्यांनी नगरपालिकेला पिडलं. १९८० साली शहराच्या गाड्या त्या डेपोत न्यायच्या नाहीत असा ठराव झाला, पुढच्या वर्षी शाळांसारख्या जागांजवळ डेपो नको असा नियम झाला. नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन परगण्यातही तसंच. १९८२ साली पीसीबी नावाच्या विषारी तेलानं बाटलेली माती तिथं पुरायला ट्रक निघाले, तेव्हा काळी माणसं, बाया, पोरं ट्रकपुढं रस्त्यावर आडवी झाली. पाचशेवर अटका झाल्या. तरी माती पुरलीच. ती निर्विष करायचं काम पुरं व्हायला वीस वर्षांवर काळ गेला. पण त्या लढ्यातून १९८३ ची सरकारी पाहणी निघाली, १९८७ चा चर्चच्या वांशिक न्याय आयोगाचा अहवाल निघाला. घातक कचऱ्याची जागा ठरवताना उत्पन्नापेक्षा वंश जास्त बोलतो, हे त्या अहवालानं देशभराचे आकडे मांडून दाखवलं. १९९४ साली क्लिंटननं पर्यावरणीय न्यायासाठी सरकारी खात्यांना हुकूम काढला. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पनं तो रद्द केला. एका सहीनं आलं, एका सहीनं गेलं.

बुलार्डनं ह्यूस्टनखेरीज आणखी चार जागा घेतल्यात. सगळ्या सांगत नाही, एक सांगतो. वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट नावाचं काळ्यांचं गाव, तिथं युनियन कार्बाइडचा कारखाना. त्यात मिथाइल आयसोसायनेट बनायचं. तेच, भोपाळचं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला फाटकासमोरच्या झोपड्यांत माणसं गुदमरून मेली. पुढच्या ऑगस्टात इन्स्टिट्यूटला दुसरा विषारी वायू सुटला, शंभरावर लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. १९७२ साली मुंबईच्या पोरांनी पँथर हे नाव काळ्यांकडून घेतलं, तेव्हा अनेकांनी नकलेची ओरड केली होती. त्यांनी या दोन गावांची नावं एका ओळीत लिहून बघावीत.

आता मला पुस्तकात काय खटकलं ते. बुलार्ड मोजतो झकास, पण माणूस बोलायला लागला की त्याला टक्क्यात बसवतो. नॉर्थवूडची एखादी म्हातारी त्या वासाला काय नाव द्यायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नोकरीचा धाक दाखवून कारखानदार वस्तीची तोंडं कशी बंद करतात, हे तो नीट सांगतो. पण कारखान्याच्या आत तो फार शिरत नाही. मी आतला माणूस. आमच्या कार्डिंग खात्यात कापसाची धूळ अशी असते की समोरचा गडी धुक्यात उभा वाटतो. रविवारची सुट्टी करून सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते. जुने कामगार हसून म्हणतात, सोमवार आला. त्या खात्यातली आडनावं वाचा आणि ऑफिसातली वाचा. आमच्या गिरणीची जातवार वस्ती कळेल.

पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत आपल्याला विणकामाच्या खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार मात्र तिथंच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हा प्रश्न ठेवला. म्हणजे जिथं विटाळाची भीती तिथून हाकललं, आणि धुळीच्या जागा आपल्यासाठी मोकळ्या. इंग्रजीत विटाळालाही आणि धुरालाही एकच शब्द आहे, पोल्युशन. मराठीत दोन आहेत, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. बुलार्डला हे दिसणं शक्य नाही, त्याची चूक नाही. तिथं घाण काळ्याच्या दाराशी टाकतात. इथं दाराशी टाकतात आणि वर ती उचलायचं कामही हातात देतात. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, तरी गटारात उतरून मरणारी माणसं थांबली नाहीत. त्यामुळं नुसता डेपोंचा नकाशा काढून आपलं भागणार नाही. नकाशात माणसाचे हात कसे दाखवायचे, हा आपला प्रश्न आहे आणि तो आपल्यालाच सोडवावा लागेल. (मुकुल शर्मांचं 'कास्ट अँड नेचर', २०१७, या वाटेवरचं आहे. त्यावर पुन्हा कधी.)

शेवटी स्वतःबद्दल. मी कविता करतो. वही काढून पाहिलं तर अकरा कवितांत उकिरडा आहे. कुठं उकिरडा म्हणजे व्यवस्था, कुठं उकिरडा म्हणजे माझं काळीज. प्रस्थापित समीक्षक अशा ओळींना दाहक अनुभव म्हणतात. त्यांच्या घरचा कचराही त्याच डेपोत येतो, हे त्यांनाही सुचत नाही आणि मीही कधी लिहिलं नाही. अकरा कवितांत एका गाडीचा नंबर नाही. बुलार्ड कवी नाही, त्याची भाषा कोरडी आहे, पण त्याच्या यादीपुढं माझ्या त्या ओळी मला पोकळ वाटल्या. कवितेत आकडे घाला असं मी म्हणत नाही. पण जो उकिरडा आपल्याला प्रतिमा म्हणून सापडतो, त्याचा पत्ता तरी आपल्याला माहीत असावा.

अभ्यासवर्गातल्या त्या गड्याला मी हेच सांगितलं. तो वाद घालत राहिला, पण रविवारी आला. आम्ही चौघं डेपोच्या नाक्यावर वही घेऊन बसलो. गाडी आली की नंबर, वेळ, कुठल्या वॉर्डाची. संध्याकाळी माझ्या म्हातारीनं वही उलटीपालटी करून पाहिली. तिला वाचता येत नाही, वाचून दाखवलं. म्हणाली, "हे दिवसाचं झालं. पेटवतात रात्री दोनच्या पुढं, तेव्हाच तर खोकला उठतो. ते कुठाय?" या आठवड्यात माझी तिसरी पाळी आहे. दुसरं कोण जागतं, ते बघतोय.