चाल तीच, तोंड दुसरे

चित्रपटाच्या गाण्यांवर गंभीरपणे लिहिणे हे आपल्या पत्रिकांतून अजूनही हलके काम मानले जाते. कविता, आत्मकथन, नाटक यांची समीक्षा व्हावी आणि गाणी मिरवणुकीसाठी ठेवावीत, अशी ही वाटणी आहे. मला ती मान्य नाही. ज्या वस्तीत पुस्तक पोहोचत नाही त्या वस्तीत गाणे पोहोचते. आणि जे पोहोचते त्याची झडती घेणे हे समीक्षेचे काम आहे. एकाचे गाणे दुसऱ्याने पुन्हा गायिले म्हणजे नेमके काय होते, एवढाच प्रश्न मी येथे घेते.

इंग्रजीत अशा गाण्याला ‘कव्हर’ म्हणतात. रॉक संगीताचा उगमच मुळी या व्यवहारात आहे. ‘टुटी फ्रुटी’ हे लिटल रिचर्ड या काळ्या गायकाचे गाणे १९५५ साली आले. काही महिन्यांतच पॅट बून या गोऱ्या गायकाने त्याचे शब्द सोवळे करून ते गायिले आणि विक्रीच्या यादीत बूनची तबकडी मूळ तबकडीच्या वर गेली. बीटल्सच्या १९६३ सालच्या पहिल्या मोठ्या तबकडीवरील १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची होती आणि त्यांतील बहुतेक आधी अमेरिकेतल्या काळ्या गायक-गायिकांनी गायिलेली होती. ‘पँथर’ हे नाव आपण १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याकडून घेतले. त्यांच्या गाण्यांचे काय झाले, हा भाग मात्र आपल्या चर्चेत फारसा आलाच नाही.

पण पुनर्गायन म्हणजे दरोडाच, असेही नाही. ज्यूली टेमॉर या दिग्दर्शिकेने २००७ साली बीटल्सच्या तीसहून अधिक गाण्यांवर ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ हा चित्रपट उभा केला. गाणी नटनटींनी स्वतःच्या आवाजात गायिली आहेत. त्यातली दोन माझ्या मनात ठाण मांडून बसली. १९६३ सालचे ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ हे तरुणाने तरुणीसाठी गायिलेले उड्या मारणारे गाणे. येथे ते एक मुलगी दुसऱ्या मुलीकडे दुरून पाहत अगदी संथपणे गाते. मूळ गाण्यात जिला शिरकाव नव्हता ती बाई त्यात येऊन उभी राहते. ‘लेट इट बी’ हे मॅकार्टनीने आपल्या मृत आईच्या आठवणीतून लिहिलेले गाणे. ते १९६७ च्या डेट्रॉइटच्या दंगलीत सापडलेला एक काळा पोर गाऊ लागतो आणि पुढे चर्चमधला वृंद त्याच्या शवपेटीसमोर ते पूर्ण करतो. घरातले दुःख रस्त्यावर येते. टेमॉरबाईंचा चित्रपट एकंदरीत गोऱ्या प्रेमिकांचाच आहे, त्या काळ्या पोराच्या वाट्याला एका गाण्याएवढेच आयुष्य आले आहे, हे खरे. तरी तेवढ्या गाण्यापुरती दारे उघडली आहेत.

आता आपल्याकडे येऊ. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ जुलै २०१८ मध्ये आला. दिग्दर्शक शशांक खेतान, निर्मितीत करण जोहर यांची संस्था. संगीत दोन्हींना अजय-अतुल यांचेच. ‘झिंगाट’ हिंदीत गेले, ‘याड लागलं’चे ‘पहली बार’ झाले. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. करमाळ्याची गोष्ट उदयपूरला नेली. पाटलाच्या जागी राजघराण्यातला पुढारी आला आणि पोराच्या बापाचे हॉटेल झाले. जातीचा उल्लेख ओझरता उरला. हे सारे त्या वेळी बोलले गेले. गाण्यांविषयी मात्र एवढेच म्हटले गेले की मराठीची मजा हिंदीत नाही. मजेचा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

‘सैराट’च्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमधील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजविला गेला. पुष्कळांनी याची बातमी केली, अर्थ कोणी लावला नाही. व्हायोलिनांचा तो ताफा आजवर आपल्या चित्रपटांत कोणासाठी वाजत आला? बंगल्यातल्या, गाडीतल्या, प्रमाण मराठी बोलणाऱ्या नायकासाठी. खालच्या जातीच्या पोराला फार तर ढोलकी, हलगी मिळायची. येथे मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या विहिरीकडे धावतो आणि त्याच्यामागे तो सारा ताफा धावतो. आणि त्या ताफ्याच्या डोक्यावर शब्द कोणता, तर ‘याड’. ‘वेड’ नव्हे. आमच्या घरात पहिली पदवी माझी. माझ्या आईच्या तोंडी ‘याड’ आणि ‘येळ’ हेच शब्द होते आणि शाळेच्या वहीत ते लाल शाईने खोडले जात. आज मी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि निबंधातला ‘येळ’ खोडायचा की नाही, हा प्रश्न दर सत्रात माझ्यासमोर येतो. म्हणून सांगते, त्या गाण्यातली क्रांती चालीत नाही, एकट्या शब्दातही नाही. ती या दोघांना एका आसनावर बसविण्यात आहे.

‘पहली बार’मध्ये वाद्यवृंदाचा थाट तोच, गळाही अजय गोगावले यांचाच. ‘याड’ तेवढे गेले. त्याच्या जागी आलेली गुळगुळीत हिंदी कोणत्याही शहरातल्या कोणत्याही नायकाची आहे. व्हायोलिने आपल्या जुन्या घरी परत गेली.

‘झिंगाट’चे प्रकरण आणखी बोलके आहे. ‘सैराट’मध्ये ते पाटलाच्या दारात, त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला वाजते. पाटलाच्या अंगणात परश्या आणि त्याचे मित्र बेभान नाचतात, आणि त्याच रात्री त्यांचे प्रेम उघडे पडून मारहाणीला सुरुवात होते. हाच प्रिन्स पाटील पुढे-मागे विचार करीत नाही. शिकवीत असलेल्या लोखंडे सरांच्या तो भर वर्गात कानाखाली वाजवतो. अशा माणसाच्या वाढदिवसाचा हा नाच आहे, हे ध्यानात घेतले की गाणे ऐकताना पोटात गोळा येतो. हिंदीत ‘झिंगाट’ हा शब्द राखला आहे, पण तेथे तो नुसता नाद आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ‘सैराट’च्या गाण्यांत तरी जात कोठे आहे? एकाही गाण्यात तिचे नाव नाही. बरोबर. जात मंजुळ्यांच्या कॅमेऱ्यात आहे. आणि शेवटी तर त्यांनी सारे संगीतच काढून घेतले, रक्ताचे छोटे पाऊल उमटते तेव्हा पडद्यावर आवाज नाही. गाण्यांचा एवढा मारा आधी झाला नसता तर ती शांतता इतकी अंगावर आली नसती. ‘धडक’ला शेवट बदलता आला, ही शांतता कमावणे त्याला जमले नाही. (त्याच निर्मितीसंस्थेचा २०२५ मधला ‘धडक २’ हा मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाल’वर आधारलेला आणि जातीविषयी उघड बोलणारा आहे. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.)

दुसऱ्याची चाल घेण्याला आपण नाके मुरडू शकत नाही, कारण आपली निम्मी भीमगीते सिनेमाच्या चालींवर उभी आहेत. गायन पार्ट्यांनी लता-रफींच्या चाली उचलल्या आणि त्यांत बाबासाहेब, रमाई, चवदार तळे आणले. चाल आधीच सर्वांच्या ओठांवर होती. शिकवायची गरज नव्हती, पैसा लागत नव्हता. पॅट बूनने गाण्यातून माणूस काढला, आमच्या शाहिरांनी गाण्यात माणूस घातला. दोघांनाही ‘नक्कल’ हा एकच शब्द लावणारी समीक्षा आळशी आहे. याची किंमतही पडली, हे नाकारू नये. जलशाची स्वतःची चाल, डफ-तुणतुण्याचा बाज मागे पडला. वामनदादा कर्डकांसारख्यांची रचना चालीच्या उसनवारीपलीकडे उभी राहते, म्हणून सगळ्यांची राहते असे नाही.

आमच्या वर्तकनगरात १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ‘झिंगाट’ वाजते, आणि त्याच चालीवरचे भीमगीतही वाजते. नाचणारी पोरे दोन्हींवर सारखीच नाचतात. मला त्यात गैर वाटत नाही. परंतु येथील म्हाडाच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत आणि माळ्यांवरच्या ट्रंकांतून गायन पार्ट्यांच्या वह्या बाहेर पडत आहेत. प्रत्येक गीताच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे सिनेगीताचे नाव दिलेले असते. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. निदान ‘चाल’ या शब्दापुढे काय लिहिले आहे तेवढे उतरवून, साल, वस्ती आणि पार्टीचे नाव घालून या पत्रिकेकडे पाठवावे.