'दार ठोठावले असता' : पंचनाम्यातील एका वाक्याचे वाचन

काही वर्षांपूर्वी एका पहाटे मी एका पंचनाम्यावर सही केली. साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या बाजूला आमची खोली आहे. तिथून तीन गल्ल्या सोडून एका खोलीवर बाहेरगावाहून आलेल्या पोलीस पथकाने छापा घातला होता. दूध आणायला निघालेल्या मला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून थांबवण्यात आले. आम्ही पोहोचलो तेव्हा दार उघडेच होते. आतली कडी एका स्क्रूवर लोंबत होती. पोटमाळ्याच्या शिडीला टेकून एक म्हातारी बसली होती आणि पदराने कपाळावरचे रक्त टिपत होती. दार आत आले तेव्हा ती दाराशीच होती. ज्याला शोधत होते, तो दोन महिन्यांपूर्वीच खोली सोडून गेला होता. अर्ध्या तासाने आमच्यापुढे कागद आला. त्यात एक वाक्य होते : 'सदर खोलीचे दार ठोठावले असता एका वृद्ध महिलेने दार उघडले.' मी सही केली.

त्या सहीचा मला आजही त्रास होतो. पण या लेखाचा विषय माझी सही नाही, ते वाक्य आहे. आपण कवितेतल्या एका शब्दावर पानेच्या पाने लिहितो. पंचनामा हाही मराठी गद्याचाच एक प्रकार आहे. तो रोज लिहिला जातो आणि त्याच्या आधारावर माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात राहतात. मग त्याचे वाचन आपण का करू नये?

वाक्याची घडण पाहा. 'ठोठावले' याला कर्ता नाही. कोणी ठोठावले, हाताने की लाथेने, हे कळत नाही. पुढे 'असता' येते. ठोठावणे आणि उघडणे या दोन क्रिया या एका शब्दाने इतक्या घट्ट सांधल्या जातात की मधला वेळ नाहीसा होतो. तो वेळ दोन सेकंदांचा होता की दोन मिनिटांचा? त्या वेळात 'कोण आहे?' असे कोणी विचारले का? त्याला उत्तर मिळाले का? त्यानंतर मात्र वाक्याला अचानक कर्ता मिळतो : 'वृद्ध महिलेने'. पोलिसांची कृती कर्त्यावाचून आणि घरमालकिणीची कृती कर्त्यासह. वाचणाऱ्याला वाटावे, तिने आपखुशीने दार उघडले आणि पाहुणे आत आले.

माझे म्हणणे एवढेच आहे : घराची सुरक्षितता त्या 'असता'मध्ये बुजवलेल्या काही क्षणांत असते. कायद्याने ते क्षण ओळखले आहेत, पण त्यांची नोंद ठेवण्याची सक्ती केलेली नाही.

कायदा काय सांगतो? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४७ आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४४ यांत क्रम ठरवून दिलेला आहे. पोलिसाने आधी आपला अधिकार आणि येण्याचे कारण सांगायचे, आत घेण्याची मागणी करायची, आणि तरीही प्रवेश मिळाला नाही तरच दार किंवा खिडकी तोडायची. जिथे रिवाजाप्रमाणे लोकांसमोर न येणारी स्त्री राहते, तिथे तिला आधी बाहेर जाण्याची मोकळीक द्यायची. झडतीसाठी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे, आणि तेही झडती सुरू करण्यापूर्वी. आम्हाला कडी तुटल्यानंतर बोलावले होते.

या क्रमाचे मूळ लंडनमधल्या १६०४च्या सेमेन खटल्यात सापडते. प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला, हे सूत्र त्या खटल्याशी जोडले जाते. राजाच्या अधिकाऱ्याला दार तोडता येईल, पण त्याआधी येण्याचे कारण सांगून दार उघडण्याची विनंती केली पाहिजे, असे त्या न्यायालयाने म्हटले. हे सूत्र साकीनाक्यात आणून ठेवले की त्याची पंचाईत होते. काजूपाडा, जरीमरी, खैरानी रोडच्या गल्ल्यांत दहा बाय बाराची खोली असते, वर पोटमाळा असतो. खाली शिलाई मशीन चालते आणि वर रात्रपाळीचे कामगार दिवसा झोपतात. दिवसभर दाराला फक्त पडदा असतो. शेजारीण हाक मारते आणि उत्तराची वाट न पाहता आत येते. अशा घरात 'आत घेण्याची मागणी' म्हणजे काय? दोन मिनिटे थांबले तर आतली बाई अंगावर पदर घेईल, पोराला कडेला सरकवेल, एवढाच त्या थांबण्याचा अर्थ. पण तेवढाच अर्थ सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याच्या घराला बैठकीची खोली नाही, त्याचा उंबरठा ओलांडला की माणूस थेट अंथरुणापाशी पोहोचतो.

हे क्षण किती मोलाचे आहेत, हे अमेरिकेत सेकंदांत मोजले गेले आहे. तिथे न ठोठावता शिरण्याचे वेगळे वॉरंट मिळते. २००३च्या बँक्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पंधरा ते वीस सेकंद थांबणे पुरेसे मानले, कारण अमली पदार्थ नष्ट करायला तेवढा वेळ पुरतो. २००६च्या हडसन खटल्यात पोलीस तीन ते पाच सेकंदच थांबले होते. ते चुकले हे मान्य झाले, तरी सापडलेला पुरावा बाद करण्यास न्यायालयाने नकार दिला. मग १३ मार्च २०२० रोजी मध्यरात्रीनंतर लुईव्हिल शहरात ब्रिओना टेलर या २६ वर्षांच्या आरोग्यसेविकेच्या घराचे दार तोडले गेले. पोलिसांकडे न ठोठावण्याची परवानगी होती. आपण तरीही ठोठावले आणि ओळख सांगितली, असे त्यांचे म्हणणे. आतल्या तिच्या जोडीदाराला ओळख ऐकूच आली नाही. चोर शिरले असे समजून त्याने एक गोळी झाडली. पोलिसांनी ३२ झाडल्या. ब्रिओना मेली. त्या जूनमध्ये शहराने अशी वॉरंटेच बंद केली.

आपल्याकडे घराघरांत बंदुका नाहीत, म्हणून हा धोका आपला नाही, असे म्हणता येईल. आपला धोका वेगळ्या जातीचा आहे. २८ ऑगस्ट २०१८ रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी एकाच दिवशी अनेक शहरांतल्या घरांची झडती घेतली. त्यांतले एक घर आमच्याच अंधेरीतले, व्हर्नन गोन्साल्विस यांचे. दुसरे गोव्यात साखळीला, गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटच्या आवारात, आनंद तेलतुंबडे यांचे. तेलतुंबडे पती-पत्नी तेव्हा मुंबईत होते. त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले की पोलिसांनी सुरक्षारक्षकाकडून दुसरी किल्ली आणवून घर उघडले आणि त्यांच्याकडे वॉरंट नव्हते. कारणे लिहून ठेवून वॉरंटशिवाय झडती घेण्याची मुभा कायद्यात आहे, हेही इथे सांगायला हवे. पण या झडतीत ठोठावणे आणि उघडणे यांत अंतरच उरले नाही. घरातले कोणी नसताना घरात काय होते आणि काय नव्हते, हे कोण सांगणार? त्याच दिवशीच्या दिल्लीतील अटकेत पंच पुण्याहून पथकाबरोबरच आले होते. 'त्या वस्तीतले' हे शब्द तिथे कुठे गेले? सर्वोच्च न्यायालयाच्या २८ सप्टेंबर २०१८च्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतात या पंचांवर बोट ठेवले. बहुमत मात्र दुसऱ्या बाजूला गेले.

गोन्साल्विस यांच्या घरातून नेलेल्या पुस्तकांचे पुढे काय झाले, हे वाङ्मयाच्या वाचकाने विसरू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये उच्च न्यायालयात यादी वाचली जात असताना 'वॉर अँड पीस' हे नाव आले आणि टॉलस्टॉय घरात ठेवणे हा गुन्हा ठरल्याची बातमी जगभर पसरली. प्रत्यक्षात ते बिस्वजित रॉय यांनी संपादित केलेले जंगलमहालावरचे पुस्तक होते. त्याच्या नावाचा पहिला अर्धा भागच लोकांपर्यंत गेला. न्यायमूर्तींनी दुसऱ्या दिवशी खुलासा केला. आपण सगळे त्या गमतीवर हसलो. पण घरातल्या वस्तूचे यादीतल्या नावात रूपांतर झाले की काय होते, याचे ते उदाहरण होते. शेल्फवर पुस्तकाला शेजार असतो, वाचणाऱ्याच्या खुणा असतात. पंचनाम्यात त्याला फक्त अनुक्रमांक असतो. गोन्साल्विस यांना जामीन मिळाला तो २८ जुलै २०२३ रोजी. केवळ असे साहित्य बाळगल्याने ते गुन्हे सिद्ध होत नाहीत, असे तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. झडतीपासून त्या वाक्यापर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली.

राजकीय संशयितांपुरतीच ही गोष्ट नाही. ६ ऑगस्ट २०१५ रोजी मढ आणि अक्सा इथल्या हॉटेलांच्या बंद खोल्यांतून पोलिसांनी चाळीसहून अधिक जोडपी बाहेर काढली. अनेकांवर मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ११०खाली, म्हणजे सार्वजनिक जागी असभ्य वर्तन केल्याची कारवाई झाली. भाडे भरून आतून कडी लावलेली खोली सार्वजनिक कशी? तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) कोतवाल रात्री लोकांच्या घरात शिरतो आणि नवरा-बायकोला त्यांच्या नात्याचा जाब विचारतो. प्रेक्षक तिथे हसतात. मढनंतर मला त्या प्रसंगाला हसता आलेले नाही. नाटकाच्या समीक्षेत सत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या प्रसंगातल्या दाराविषयी फारसे कोणी बोलत नाही.

पोलिसांची बाजूही खरी आहे, आणि ती आमच्याच भागातून येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांनी माग काढत नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा कारखाना उघड केला. आधी आवाज दिला तर माल मोरीतून वाहून जातो, हे कोणीही समजू शकतो. या गल्ल्यांतली पोरे त्या पावडरीने वाया गेलेली मी पाहिली आहेत. म्हणूनच अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ४२मध्ये तातडीला जागा ठेवली आहे : सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय शिरता येते, रात्री शिरायचे तर वॉरंटची वाट पाहणे का शक्य नव्हते याची कारणे आधी लिहावी लागतात आणि ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागतात. अपवाद मान्य, पण अपवादाला कारण लिहावे लागते. साध्या झडतीत दार कसे उघडले याचे कारण कोणी विचारत नाही. शिवाय पूरणमल खटल्यापासून (१९७४) आपल्याकडे झडती बेकायदा ठरली तरी त्यात मिळालेला पुरावा चालतो. मग थांबायचे कशासाठी?

हे टाळता आले असते. डॉ. आंबेडकरांनी मार्च १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये अवाजवी झडती आणि जप्तीपासून घर, कागदपत्रे सुरक्षित राखणारे कलम सुचवले होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती घटना समितीत मांडली. आंबेडकर ती स्वीकारायला तयार होते. यात नवे काही नाही, हे फौजदारी संहितेत आहेच. पण ते घटनेत असलेले बरे, अशी त्यांची भूमिका होती. मतदानाचा गोंधळ झाला, निर्णय पुढे गेला आणि काही दिवसांनी दुरुस्ती फेटाळली गेली. १९६२ मध्ये खडकसिंग खटल्यात रात्री घरी जाऊन झोपमोड करणारी पोलिसी भेट न्यायालयाने रद्द ठरवली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले. तत्त्व मिळाले, उंबरठ्यावरची नोंद अजून मिळालेली नाही.

नव्या संहितेच्या कलम १०५ने झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे केले आहे. ही चांगली गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की मोबाइल कधी सुरू होतो? झडती कपाटापासून सुरू होते असे मानले, तर 'असता' तसाच शिल्लक राहतो. तो दाराबाहेर सुरू झाला पाहिजे : पहिली थाप, सांगितलेली ओळख, आतून आलेला आवाज, गेलेली सेकंदे, आणि मग दार. पंचही त्या थापेच्या आधी तिथे हवेत.

ती म्हातारी नंतर मला दोनदा बाजारात भेटली. कपाळावर बारीक व्रण आहे. मी तिला सहीबद्दल काही सांगितले नाही. तिला तो कागद वाचता येत नव्हता. मला येत होता. आज पुन्हा कोणी पंच म्हणून बोलावले तर मी जाईन, कारण सबळ कारणाशिवाय नकार देणे हाही गुन्हा आहे. पण सही करण्याआधी 'ठोठावले असता' या शब्दांवर बोट ठेवून म्हणेन : साहेब, हे मी पाहिलेले नाही, मी आलो तेव्हा दार उघडे होते, आणि कडी तुटलेली होती. तसे लिहा.