एल्साच्या दोन बहिणी

जॉय अ‍ॅडम्सन यांचे ‘बॉर्न फ्री’ हे पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले. केनियात माणसांच्या सहवासात वाढलेल्या आणि पुढे जंगलात परतलेल्या एल्सा या सिंहिणीची ही हकीकत. वन्य प्राण्यांविषयी आस्था निर्माण करण्याचे काम हे पुस्तक उत्तम करते. पण निरीक्षणाचा नमुना म्हणून ते विद्यार्थ्यांपुढे ठेवावे का, हा प्रश्न वेगळा आहे.

जॉय यांचे पती जॉर्ज हे वन्यजीव खात्यात अधिकारी होते. १९५६ साली अंगावर चालून आलेल्या एका सिंहिणीला त्यांना गोळी घालावी लागली. खडकाच्या कपारीत तिचे तीन छावे सापडले. तिन्ही माद्या होत्या. त्यांतली सर्वांत लहान ती एल्सा.

पुस्तकाचे बळ बारकाव्यांत आहे. सुरुवातीला छाव्यांनी दूध नाकारले, टायरच्या जुन्या ट्यूबशी ती खेळत, दबा धरून एकमेकींवर झडप घालत, हे सारे बाईंनी लक्षपूर्वक टिपले आहे. दबा धरणे उपजत असले, तरी शिकार साधणे एल्साला अनुभवानेच जमले. जंगलात सोडण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि ती आजारी पडली, हेही बाई लपवत नाहीत.

उणीव अशी, की पाहिलेले आणि मानलेले इथे एकाच वाक्यात मिसळते. एल्सा बाईंचा अंगठा चोखते ही नोंद झाली. त्यातून तिला धीर मिळतो हा तर्क झाला. तर्क बरोबरही असेल, पण तो वेगळा लिहायला हवा. शिवाय इथे निरीक्षण करणारी व्यक्तीच छाव्याला भरवणारी आहे. तिच्या पाठीमागे छावा कसा वागतो, हे आपल्याला कळत नाही.

ही उणीव सर्वांत जास्त खटकते ती दोन मोठ्या बहिणींच्या बाबतीत. त्यांना हॉलंडमधील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठवले गेले. काही वर्षांनी बाई त्यांना भेटल्या. त्यांनी बाईंना ओळखले नाही, पण जवळ येऊ दिले. व्यवस्था चांगली होती. पूर्वीचे मोकळे आयुष्य त्यांना आठवत नसावे, असे म्हणून बाई समाधान मानतात. एकाच आईच्या तीन मुली, एक जंगलात आणि दोन पिंजऱ्यात! इतकी बोलकी तुलना समोर असताना ती एका भेटीत आटोपली आहे. आठवण नसणे हा सुखाचा पुरावा नव्हे. त्या दिवसभर काय करतात, हे पाहायला हवे होते.

अर्थात ही टीका करताना काळाचे भान हवे. वर्तनाच्या नोंदी कशा घ्याव्यात याचे जीन अल्टमन यांचे सुप्रसिद्ध विवेचन १९७४ साली आले. २००३ साली क्लब आणि मेसन यांनी दाखवले, की निसर्गात विस्तृत प्रदेशात वावरणाऱ्या मांसाहारी जाती बंदिवासात अधिक येरझारा घालतात आणि त्यांची पिलेही अधिक दगावतात. असा प्रश्न विचारायची साधने बाईंजवळ नव्हती. आपल्याजवळ ती आहेत.

म्हणून हे पुस्तक वर्गात जरूर वाचावे, पण प्राणिसंग्रहालयाच्या सहलीला जोडून. झोपलेला छावा पाहून मुले ‘बिचारा’ म्हणतात आणि जाळीलगत फेऱ्या मारणारा पाहून ‘किती चपळ!’ म्हणतात. बहुधा उलटे असते. मोठे सिंह निसर्गातही दिवसाचे वीसएक तास विश्रांती घेतात. त्याच वाटेने पुन्हापुन्हा घातलेल्या येरझारा मात्र चिंतेचे लक्षण आहेत. प्रत्येक गटाने एकच छावा निवडावा. तासभर, दर पाच मिनिटांनी, तो त्या क्षणी काय करतो ते लिहावे: झोप, खाणे, खेळ, चाटणे, चालणे, येरझारा. लपायला आडोसा आहे का, सोबत आई किंवा भावंडे आहेत का, गर्दी वाढली की वागणे बदलते का, हेही नोंदवावे. ‘आनंदी’, ‘दुःखी’ हे शब्द तासभर बाजूला ठेवावेत.

एका तासावरून निकाल देता येणार नाही, हेही मुलांना सांगावे. पण पुढच्या वर्षीच्या तुकडीने तशीच नोंद केली, तर तुलनेला सुरुवात होईल. एल्सावर जगाने प्रेम केले. तिच्या बहिणींच्या वाट्याला निदान एक वही यायला हवी होती.