लोरेलायचे दुःख कोणाचे?

हायने या जर्मन कवीची ‘लोरेलाय’ ही कविता १८२४ साली प्रसिद्ध झाली. ऱ्हाईन नदीच्या वळणावरील उंच कड्यावर बसून एक सुंदरी केस विंचरीत गाते. खालचा नावाडी भान हरपतो व नावेसह बुडतो, एवढीच तिची कथा. पुढे झिल्खर याने दिलेल्या चालीवर ती घरोघर गेली व लोकगीतच होऊन बसली. आख्यायिका पुरातन आहे असे कवी सुचवितो. परंतु ही नायिका प्रथम निर्माण केली ती ब्रेंटानो या कवीने, १८०१ साली. कडा व त्याचा प्रतिध्वनी मात्र जुनेच.

ब्रेंटानोची नायिका प्रियकराने टाकलेली, म्हणून मरण मागणारी आहे. हायनेने तिचे दुःख काढून निवेदकास दिले; आणि आपण खिन्न का, हे त्यालाही उमगत नाही. कवितेची मोहिनी या अदलाबदलीत आहे, तशीच तिची उणीवही. त्या स्त्रीचे मनोगत कोणीच विचारीत नाही.

सोलापूरच्या वाचकास ही उणीव विशेष जाणवावी. सिद्धरामेश्वरांवर मन जडलेल्या कुंभारकन्येची इच्छा आपल्या आख्यायिकेने ऐकून घेतली. त्या शिवयोग्याने तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुज्ञा दिली, व संक्रांतीच्या यात्रेत त्या विवाहाच्या अक्षता आजही पडतात.

हायनेच्या गीताचे माधुर्य यामुळे उणे होत नाही. मात्र त्यातील सुंदरी गाते, पण स्वतःविषयी एक शब्दही बोलत नाही, एवढे रसिकांनी ध्यानात ठेवावे.